कॅरीसाहेबांची बाग

दोन वर्षांमागें मृगाच्या पावसांत आमच्या शाळेच्या बागेंत पांचवीच्या मुलांनीं गुलबाक्षीचें बीं लावलें. आठ-दहा दिवसांनीं सर्वांच्या वाफ्यांत कोंब दिसूं लागले. एकाच मुलाचा वाफा रिकामा राहिला. चौकशी करतां कळलें कीं, बीं रुजलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो तें रोज उकरून काढी व पुन्हां पुरून ठेवी. सगळा वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. सकाळीं देवापाशीं मागणें मागावें आणि संध्याकाळीं तें उकरून पाहावें, ही खोड माझ्याही अंगीं आहे. आणि पालकांपैकीं कित्येकांस ती परिचयाची असेल.

त्या दिवशीं मीं वर्गांत विल्यम कॅरी यांच्या बागेची गोष्ट सांगितली. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश छापून काढणारे म्हणून आपण कॅरीसाहेबांस ओळखतों. पण ते हाडाचे माळी होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील एका खेड्यांत झाला. झाडांची गोडी त्यांस एका चुलत्यानें लाविली. परंतु शेतांत काम करावें तर उन्हानें कातडीचा विकार बळावे, म्हणून त्यांस जोडे शिवण्याचा धंदा पतकरावा लागला. आणि हाच मनुष्य पुढें बंगालच्या उन्हांत चाळीस वर्षें राहिला!

ते १७९३ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरले. दुसऱ्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा दगावला व त्या दुःखानंतर पत्नीचें मन कायमचें बिघडलें. उपदेश चालूच होता, पण सात वर्षें वाफा रिकामाच. अखेर कृष्ण पाल नांवाच्या एका सुताराचा खांदा निखळला; कॅरींच्या सोबतीच्या वैद्यानें तो बसविला; त्या ओळखींतून विश्वास उगवला, आणि २८ डिसेंबर १८०० रोजीं सेरामपूर येथें नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. ज्या उपदेशांवर इतके श्रम केले ते बाजूसच राहिले, आणि अंकुर फुटला तो एका दुखऱ्या खांद्यापासून.

सेरामपूर येथें कॅरींनीं सुमारें पांच एकरांची बाग उभी केली व तींतील झाडें शास्त्रीय वर्गवारीनें लाविलीं. भाषांतरें, कॉलेजांतील शिकवणें, छापखाना असा कामाचा डोंगर डोक्यावर असतांही ते पहांटे त्या बागेंत जाऊन प्रार्थना करीत. एकदां इंग्लंडहून त्यांना बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर त्यांनीं रिकामी पिशवी सावलीच्या एका कोपऱ्यांत सहज झटकली. कांहीं दिवसांनीं तेथें इंग्लंडच्या कुरणांत उगवणारें डेझीचें चिमुकलें रोप वर आलें! तीस वर्षांत त्यांनीं तें पाहिलें नव्हतें आणि पुन्हां दिसेल अशी आशाही नव्हती. मायदेश सोडल्यापासून इतका निर्मळ आनंद झाला नव्हता, असें त्यांनीं आपल्या स्नेह्यास कळविलें. प्रभु येशूनें शिष्यांना रानांतील फुलांकडे पाहावयास सांगितलें, तीं फुलें अशींच कोणीं न पेरलेलीं. त्या देशांत पाऊस हिवाळ्यांत पडतो. वसंतारंभीं माळरानें तांबड्या फुलांनीं भरून जातात, आणि ऊन तापूं लागतांच वाळून भट्टींत जळण म्हणून पडतात. इतक्या क्षणभंगुर वस्तूसही जो नटवितो तो बाप, हें प्रभूचें म्हणणें.

पण बाग म्हणजे केवळ आनंद नव्हे. १८२३ च्या ऑक्टोबरांत दामोदर नदीचा पूर आला व वर्षांनुवर्षें जमविलेलीं दुर्मिळ झाडें पाण्याखालीं गेलीं. त्याच सुमारास कॅरी पडून त्यांचा पाय जायबंदी झाला होता. वय बासष्ट. अशा वेळीं दुसरा कोणी हात टेकता. कॅरींनीं पुन्हां लागवड मांडिली. फळ न देणारें अंजिराचें झाड तोडावयास निघालेल्या धन्याला माळी म्हणतो कीं, आणखी एक वर्ष राहूं द्या, मी भोंवतीं खणतों, खत घालतों. या दृष्टान्तांत त्या झाडाला पुढें फळ आलें कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलेलेंच नाहीं. मला तर ही गोष्ट फार मोलाची वाटते. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाच्या आईबापांनीं ती जरूर वाचावी.

अखेरच्या आजारांत चालवेनासें झालें तेव्हां चाकें लाविलेल्या खुर्चींतून कॅरींना बागेंत नेत. तेंही बंद झालें तेव्हां माळी रोज खोलींत येऊन सूचना घेऊन जाई. आपल्यामागें बागेंत गाई सोडतील, अशी काळजी त्यांनीं बोलूनही दाखविली. ९ जून १८३४ रोजीं ते वारले. ती बाग आज उरलेली नाहीं.

तथापि आपल्या सह्याद्रींत कुंभा नांवाचें झाड आहे, तें पाहावयास मिळतें. त्याची साल जाड असते. वणव्यांतूनही तें वांचतें, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं त्यास लालसर केसरांचीं मोठीं फुलें येतात. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्या मित्राच्या सन्मानार्थ त्याचें शास्त्रीय नांव केरिया असें ठेविलें. यंदाच्या ज्येष्ठांत मीं त्याचें एक फळ शाळेंत आणिलें होतें. रिकाम्या वाफ्याचा धनी आतां सातवींत आहे. त्यानें त्यांतील चार बिया मागून घेतल्या; त्या कोठें पुरल्या, हें त्यानें अद्याप कोणासही सांगितलेलें नाहीं.