सोलापूरचे एफ. एम.

आमच्या आजोबांना रेडिओचा भारी नाद. एकदा काटा फिरवताना सोलापूरचे एक खासगी केंद्र लागले. गाणी झाली, जाहिराती झाल्या. आजोबा म्हणाले, "थांब, आता बातम्या लागतील." तासभर बसलो, पण बातम्या काही लागल्या नाहीत. मी गुरुजींना विचारले. त्यांनी दिलेली माहिती अशी :

पूर्वी रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी. १९६७ साली विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर इथे जाहिराती सुरू झाल्या. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. पुढे सरकारने खासगी कंपन्यांना लिलावाने परवाने दिले. त्यांतले पहिले केंद्र ३ जुलै २००१ ला बंगलोरला निघाले. २००५ च्या धोरणानंतर सोलापूरची पाळी आली आणि ९२.७ वर बिग एफ. एम. आले.

९२.७ म्हणजे काय? ती लहर एका सेकंदात ९ कोटी २७ लाख वेळा हेलकावते. ती साधारण सरळ रेषेत जाते, म्हणून लांबच्या गावात नुसती खरखर येते.

या केंद्रांचा खर्च जाहिरातींवर चालतो. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात.

हे ऐकून आजोबा म्हणाले, "लहरी जनतेच्या ना? मग आपल्या गावची बातमी का नको?"

मला उत्तर आले नाही. मित्रांनो, तुम्हांला काय वाटते? घरी विचारून बघा.