'दुर्मीळ निळा' मागवला आणि करडा आला

जून 2021 मध्ये माइनक्राफ्ट या खेळात अ‍ॅक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा उभयचर, सॅलमँडरचा एक प्रकार, अवतरला. रंग पाच, आणि त्यातला निळा जन्माला येण्याची शक्यता बाराशेत एक. साहजिकच पोरांना हवा होता तो निळाच. डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात हा हट्ट पडद्यावरून थेट दिवाणखान्यात आला. वडिलांनी जाहिरात पाहून 'दुर्मीळ निळा' मागवला, नेहमीच्या रंगांपेक्षा किती तरी जास्त पैसे मोजून. थर्माकोलच्या खोक्यातून आलं ते बोटभर पिल्लू, करड्या रंगाचं, किंचित जांभळट झाक असलेलं. निळाई होती ती फोटोतल्या दिव्याची.

निळा अ‍ॅक्सोलॉटल नसतोच. त्याच्या त्वचेत काळ्या, पिवळ्या आणि चकाकणाऱ्या अशा तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. पिवळ्या आणि चकाकणाऱ्या पेशी नसल्या की उरतो तो करडा-जांभळा जीव, अ‍ॅक्झँथिक. त्यावर निळा प्रकाश टाकून फोटो काढला की गिऱ्हाईक फसतं.

'दुर्मीळ' या शब्दाचीही झाडाझडती घ्यायला हवी. रानातला अ‍ॅक्सोलॉटल काळपट तपकिरी असतो. गुलाबी कल्ल्यांचा पांढरा प्रकार मात्र जुना आहे. 1864 मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला आलेल्या प्राण्यांमध्येही एक पांढरा होता. सोनेरी रंग प्रयोगशाळेतून आला. इंडियाना विद्यापीठातल्या रूफस हम्फ्री यांनी 1960 च्या दशकात वर्णहीन टायगर सॅलमँडरशी संकर करून तो आणला. हे दोन्ही प्रकार आज सर्रास मिळतात. निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा प्रकारही जेलीफिशच्या जनुकामुळे तयार झालेला, दुर्मीळ नव्हे. शिवाय या प्राण्याला पापण्या नसतात, त्यामुळे ती चमक पाहण्यासाठी दिवा तासन्‌तास रोखून ठेवणं त्याला त्रासाचं होतं.

खरोखर दुर्मीळ असतो मोझेक. भ्रूणावस्थेतल्या अपघाताने एकाच शरीरात दोन रंगांच्या पेशी मिसळतात आणि ठिगळं लावल्यासारखा जीव तयार होतो. हा गुण पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून 'मोझेक जोडीची पिल्लं' विकायला कुणी बसलं असेल, तर तिथे वेळ घालवू नये.

डॅलसच्या या गृहस्थांकडे आता ओळखीचे लोक सल्ला मागायला येतात. गृहस्थांचा पहिला प्रश्न असतो पिल्लाच्या लांबीचा. आठ सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लू नाजूक असतं आणि त्याचा रंगही पुरता ठरलेला नसतो. दुसरं, साध्या उजेडातला ताजा व्हिडिओ मागवायचा, तोही खाताना काढलेला. तिसरं, आईबाप कोण ते विचारायचं, कारण दुर्मीळ रंगाच्या हव्यासापोटी भावंडांचीच जोडी लावणारे लोक असतात.

रंगाचा हिरमोड लवकर निवळला. पाण्याने मात्र घाम फोडला. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरात आले होते. नव्या टाकीत मलमूत्रातून सुटणारा अमोनिया पचवणारे जीवाणू नसतात. ते वाढायला चार ते आठ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट किटवर शून्य दिसेपर्यंत प्राणी आणायचाच नसतो. पिल्लाचे कल्ले आखडू लागल्यावर त्यांनी त्याला साध्या टबात हलवलं आणि क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी रोज पूर्ण बदललं. टाकी तयार होईपर्यंत हाच दिनक्रम राहिला.

मग टेक्ससचा उन्हाळा आला. अ‍ॅक्सोलॉटलचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचे कालवे, सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे. त्याला 16 ते 18 अंश सेल्सियस मानवतं; 24 च्या वर गेलं की तो खाणं सोडतो, बुरशी धरते. शेवटी पाणी थंड ठेवणारा चिलर घ्यावा लागला, आणि तो प्राण्यापेक्षा महाग पडला. पुण्या-नागपुरात हौस करणाऱ्यांनी या यंत्राची आणि त्याच्या विजेची किंमत आधी काढावी.

बाकीची पथ्यं सोपी आहेत. तळाशी खडे नकोत, कारण तो घास घेताना तेही गिळतो आणि आतडं तुंबतं. बारीक वाळू किंवा नुसती काच बरी. खाणं गांडुळांचं. सोबतीला मासे नकोत, ते कल्ले कुरतडतात. लहान पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात. ते पुन्हा उगवतात हे खरं, पण म्हणून तोडू द्यायचे नसतात. आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. आज आठ वर्षांची असलेली मुलगी कॉलेजला जाईल तेव्हाही पाणी बदलायचं काम घरात शिल्लक असेल.

कायदा शेवटी आठवतो, पाहायचा मात्र सगळ्यात आधी. स्थानिक सॅलमँडरांशी संकर होण्याच्या भीतीने कॅलिफोर्नियात अ‍ॅक्सोलॉटल पाळायला बंदी आहे. रानातला अ‍ॅक्सोलॉटल नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असून ही जात सायटिस या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी मालकाला करावी लागते. तेव्हा रंगाचं कौतुक ऐकण्याआधी दुकानदाराकडे प्राणी आला कुठून याचे कागद मागावेत, आणि तो का-कू करू लागला तर पैसे न देता बाहेर पडावं.