पोटातले अन्न आणि राज्याची मिळकत



भांडवल म्हटले की आपल्याला यंत्रे, कारखाने आणि रस्ते आठवतात. आज आपण जरा निराळ्या भांडवलाचा विचार करू या. ते मोजले जाते अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर.

२००५-०६ साली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तिसरी फेरी झाली. तीत आपल्या मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ६० मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. २०१५-१६ मध्ये तो सुमारे ४३ वर आणि २०१९-२१ मध्ये ३३ वर आला. सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. तरीही तेव्हा तिघांत एक मूल कमी वजनाचेच होते.

याचा आर्थिक विकासाशी संबंध काय? अर्धपोटी मजूर कमी काम करतो, म्हणून कमी कमावतो आणि पुन्हा अर्धपोटीच राहतो. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी हे इतिहासातून दाखवले. १८ व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील कामगारांच्या सर्वांत गरीब दहाव्या हिश्शाला नियमित काम करण्याइतकी शक्तीही अन्नातून मिळत नव्हती. १७९० ते १९८० या काळात ब्रिटनचे दरडोई उत्पन्न जेवढे वाढले, त्यातील सुमारे ३० टक्के वाढ सुधारलेल्या पोषणामुळे व आरोग्यामुळे झाली, असा त्यांचा हिशेब आहे.

आपल्या पुण्यातही या विषयावर मोठा वाद झाला होता. गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबी मोजताना रोजच्या २२५० कॅलरींचा आधार घेतला. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ, रोमला जागतिक अन्न संघटनेत बरीच वर्षे काम केलेले. त्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी मानू नये. मोठ्या माणसाच्या बाबतीत यात तथ्य असेल. पण मला वाटते, लहान मुलाचे शरीर जुळवून घेते ते वाढ रोखून, आणि ती किंमत फार मोठी आहे.

किती मोठी, ते ग्वाटेमाला देशातील एका प्रयोगातून कळते. १९६९ ते १९७७ या काळात तेथील दोन खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेज आणि दुसऱ्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय देण्यात आले. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेले मुलगे मोठे झाल्यावर दर तासाला सुमारे ४६ टक्के जास्त कमावताना आढळले. मुलींच्या मिळकतीत मात्र असा फरक दिसला नाही. त्यांना कामेच कमी मोबदल्याची मिळत होती, हे त्याचे एक कारण असावे.

राज्य श्रीमंत झाले की मुले आपोआप बाळसे धरतील, असे कोणी म्हणेल. आपले राज्य गहू, हरभरा व सोयाबीन पिकवण्यात देशात आघाडीवर आहे. तरीही २०१९-२१ मध्ये येथील ५४.७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. कोठारात धान्य असणे वेगळे आणि गरोदर बाईच्या ताटात डाळ, भाजी, दूध असणे वेगळे. शिवाय पाणी दूषित असेल आणि मूल वारंवार जुलाबाने आजारी पडत असेल, तर खाल्लेलेही अंगी लागत नाही.

२००५-०६ मध्ये काट्यावर चढलेली ती मुले आता विशीत आहेत. गोविंदपुरा आणि मंडीदीपच्या कारखान्यांत आज कामाला लागत आहेत ती त्यांच्याच वयाची मुले.