लोकधोरणाचे परदेशी शिक्षण : प्रवेश-अर्जाचा व खर्चाचा विचार

व्यापारी घराण्यातील मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, फार तर सनदी लेखापाल व्हावे आणि मग पेढीवर बसावे, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या क्रमाबाहेरच्या एका विद्याशाखेचा परिचय सभासद बंधु-भगिनींस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. शासनाने कर कसा बसवावा, पाणी कसे वाटावे, बाजाराचे नियमन कोठवर करावे, यांच्या पद्धतशीर अभ्यासास लोकधोरण म्हणतात. अमेरिकेतील हार्वर्डचे केनेडी विद्यालय, प्रिन्स्टन व कोलंबिया ही विद्यापीठे, इंग्लंडात ऑक्सफर्डचे ब्लावाट्निक विद्यालय व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि सिंगापूरचे ली क्वान यू विद्यालय येथे या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते. प्रवेशासाठी साऱ्या जगातून अर्ज येतात आणि जागा मोजक्या असतात.

ही वाट अगदी नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. आजच्या मध्यप्रदेशातील महू येथे 1891 साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली याच मार्गाने कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. 1915 साली त्यांनी एम. ए. साठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हा होता. एका व्यापारी कंपनीचा जमाखर्च तपासून राज्यकारभाराची चिकित्सा करावयाची, हे काम आपणां व्यापाऱ्यांस परके वाटू नये.

पुढचा भाग आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना 1917 साली परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. परंतु एवढ्या विद्वानास जातीच्या कारणाने त्या शहरात राहावयास घर मिळाले नाही, आणि नोकरी सोडावी लागली. ही गोष्ट समाजाला भूषणावह नाही, हे येथे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य झाले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला. अनुदान, करार, बचत, साह्य आणि कर्ज, अशा पाचही प्रकारच्या भांडवलावर हे शिक्षण उभे राहिले. आजही याहून निराळा प्रकार नाही.

आता अर्जाकडे वळू. त्यात सर्वांत अवघड भाग उद्देशपत्राचा. आपण हा विषय का शिकू इच्छितो व शिकून काय करणार, हे त्यात दोन-तीन पानांत लिहावयाचे असते. येथे बहुतेक उमेदवार देशसेवेची मोठमोठी वाक्ये लिहितात, आणि तेथेच त्यांचा अर्ज इतर शेकडो अर्जांत मिसळून जातो. परीक्षकांस हवा असतो एक नेमका प्रश्न, उमेदवाराने स्वतः पाहिलेला. अशा प्रश्नांचा रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात काय तोटा आहे? 1956 च्या राज्य-पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. भाषा मराठी, संत्र्याचा बाग सौंसरचा, मोठा बाजार नागपूरचा, आणि सरकार भोपाळचे! 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यावर सीमेवरचे करनाके उठले. 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले. ज्या मुलाने दुकानात बसून ही दोन्ही स्थित्यंतरे पाहिली, विवरणपत्रे भरली, अडकलेली गाडी सोडविली, त्याच्याजवळ धोरणाचा जो अनुभव आहे तो महानगरातल्या पुष्कळ उमेदवारांजवळ नसतो. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. जिल्हा लहान केल्याने सामान्य माणसाची कामे खरोखर सुलभ होतात काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात होणारी गोटमार दरवर्षी माणसे जखमी करते. बंदी घालूनही ती का थांबत नाही? यांतला कोणताही एक प्रश्न आकड्यांनिशी मांडता आला, तर उद्देशपत्रास जीव येईल.

दुकानातील काम कार्यपरिचयात लिहिण्याचा पुष्कळांना संकोच वाटतो. तो अनाठायी आहे. मात्र ‘घरच्या धंद्यात मदत’ असे मोघम न लिहिता कोणते काम, किती वर्षे, किती माणसांच्या सोबतीने केले, हे लिहावे.

शिफारसपत्रे बहुधा दोन किंवा तीन लागतात, आणि ती शिफारस करणाऱ्याने स्वतः परस्पर विद्यापीठाकडे पाठवावयाची असतात. येथे आपल्या लोकांची समजूत फार चुकीची आहे. आमदार-खासदारांचे पत्र मिळाले की काम झाले, असे आपण मानतो. ज्या पुढाऱ्याने मुलाचे काम कधी पाहिले नाही, त्याच्या चार गोड ओळींपेक्षा मुलाचा निबंध तपासणाऱ्या प्राध्यापकाचे किंवा ज्याच्या हाताखाली त्याने नोकरी केली त्या अधिकाऱ्याचे पत्र मोलाचे. काका-मामांचे पत्र तर नकोच.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. जी. आर. ई. ही परीक्षा काही विद्यापीठे मागतात, काही मागत नाहीत. तिचे गुण पाच वर्षे चालतात. आपली तीन वर्षांची बी. कॉम. पदवी इंग्लंडात सामान्यतः चालते, अमेरिकेत काही ठिकाणी चार वर्षांची पदवी लागते. हे आधी विचारून घ्यावे. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि वर्ग पुढच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात सुरू होतात. म्हणजे तयारी दीड वर्ष आधी हवी.

खर्चाचे अनेक मार्ग आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे स्वदेशी राहण्याची अट घालते. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणासाठीची फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती निदान तीन वर्षांचा अनुभव पाहते. जमशेटजी टाटांनी 1892 साली स्थापिलेला निधी आजही कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. ती फेडावयाची असते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची योजना, जिचा लाभ 2014 पासून जैनांसही खुला झाला होता, ती 2022 साली बंद झाली आहे. जुन्या माहितीवर विसंबून कोणी हिशेब मांडू नये.

बँकेचे कर्ज घेताना शिक्षणकाळात हप्ता नसला तरी व्याज बहुधा चालूच असते, हे वहीखाते लिहिणाऱ्यास निराळे सांगावयास नको. मोठ्या रकमेस घर, दुकान वा शेत तारण मागितले जाते. मुलीच्या शिक्षणासाठी तारण देताना जो विचार करावासा वाटतो, तोच मुलाच्या वेळीही करावा. आणि मुलाच्या वेळी जी घाई होते, ती मुलीच्या वेळीही व्हावी.

एक सूचना विशेष आपल्यासाठी. ब्रिटनच्या व्हिसासाठी शिक्षणाचा व राहण्याचा ठरलेला पैसा सलग 28 दिवस खात्यात स्थिर दिसावा लागतो, आणि ते खाते विद्यार्थ्याचे किंवा त्याच्या आई-वडिलांचे असावे लागते; पेढीच्या नावावरचे चालत नाही. व्यापाऱ्याचा पैसा मालात फिरत असतो. तेव्हा हंगामाची खरेदी आणि हे 28 दिवस एकमेकांवर येणार नाहीत, अशा बेताने रक्कम वेळेवर बाजूस काढून ठेवावी.