उत्पन्नाची मर्यादा आणि घरचा हिशेब

बँकेच्या काउंटरवर बसून आम्हाला घराघरांतले हिशेब कळतात. वस्तीतील एका भगिनीने दरमहा ६,००० रुपयांचे शिलाई कारखान्यातील काम सोडले. कारण काय? तर तिच्या पगाराने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांवर जाते आणि मुलीची शिष्यवृत्ती बुडते.

भीती अगदीच खोटी नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला २,५०,००० रुपयांची मर्यादा आहे. पण ती ओलांडल्यावर नेमके जाते काय? महाराष्ट्रात मर्यादेवरील विद्यार्थ्यांसाठी शासनाची फ्रीशिप आहे. तीत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. जातो तो निर्वाह भत्ता. २०२१ च्या नियमांनुसार तो अभ्यासक्रमाप्रमाणे वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे. आणि सोडलेला पगार? वर्षाचे ७२,०००!

शासकीय वसतिगृहाचा किंवा ‘स्वाधार’ योजनेचा लाभ असेल, तर तोही हिशेबात धरावा. मात्र बेरीज-वजाबाकी कागदावर मांडल्याशिवाय कोणत्याही माउलीने हातची नोकरी सोडू नये. दाखल्यासाठी खोटे उत्पन्नही सांगू नये. अर्ज भरताना आपल्यातील शिकलेल्यांनी शेजारी बसावे. समाजाचे ऋण असेही फेडता येते.