डेमलो संख्या : हातच्यामागे दडलेला नियम

गणित हा केवळ परीक्षेचा विषय नाही. मन एकाग्र करण्याचे आणि वरवरच्या रूपाआड असलेला नियम शोधण्याची सवय लावण्याचे ते उत्तम साधन आहे. आज आपण एका मोठ्या संख्येचा विचार करू या.

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. शिवाय ती पूर्ण वर्गसंख्या आहे. नऊ वेळा एक लिहून होणारी १११११११११ ही संख्या तिचे वर्गमूळ आहे.

हे कसे घडते? आधी लहान उदाहरण घ्या. १११ ला १११ ने गुणताना १११ हीच ओळ तीनदा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. उभ्या रकान्यांची बेरीज १, २, ३, २, १ येते, उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात तीच ओळ नऊदा येते. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात, इतरत्र त्याहून कमी. हातचा कुठेच येत नाही, म्हणून आकार स्वच्छ दिसतो.

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. आजच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ते सुचले. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. अनेकांना त्यांचे काम किरकोळ वाटे, तरी ते संख्यांत रमून राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगभर त्यांची ओळख झाली. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती.

आता दहा एक घेऊन वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली. नियम मोडला का? नाही. रकान्यांची बेरीज अजूनही १ पासून १० पर्यंत चढते आणि पुन्हा १ पर्यंत उतरते. फक्त मधल्या घरात दहा मावत नाही, म्हणून हातचा शेजारी जातो आणि चढउतार झाकला जातो.

आपल्या साधनेतही असे दिवस येतात. रोजचे काम नेमाने चालू असते, पण फळ विस्कटलेले दिसते. अशा वेळी निराश होऊन नेम सोडू नये. एकेक रकाना पुन्हा तपासावा. कापरेकरांनी दुसऱ्यांच्या मतावरून आपल्या कामाची किंमत ठरवली नाही.

आज घरी मुलांना जवळ घेऊन अकरा एकांचा वर्ग कागदावर मांडा. उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आले पाहिजे. हातचे कुठे कुठे गेले, ते मुलांनाच शोधू द्या.