पांढरा राजमा : भिजवणे, शिजवणे, वाढणे

किराणा दुकानात नुसते ‘पांढरे बी’ मागितले, तर हाती काय पडेल याचा भरवसा नाही. एक दुकानदार पावटा देईल, दुसरा डबल बी, तिसरा चवळी. ही तिन्ही कडधान्ये वेगवेगळ्या जातींची असून त्यांचे शिजण्याचे गुणधर्मही निराळे आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो पांढरा राजमा, म्हणजेच पांढऱ्या घेवड्याचे वाळलेले दाणे. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गारिस. लाल राजमा, काश्मिरी राजमा आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागाचा प्रसिद्ध वाघ्या घेवडा ही याच जातीची भावंडे होत.

हे पीक मूळचे अमेरिका खंडातील. १४९२ नंतर ते युरोपात आले व तेथून जगभर पसरले. भारतात त्याला हिमालयाच्या पायथ्याशी आणि डोंगरउतारांवर चांगले घर मिळाले. उत्तराखंडातील पिथोरागड जिल्ह्यात सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसलेल्या मुन्सियारीच्या राजम्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारणतः २३ ग्रॅम प्रथिने, १५ ग्रॅम तंतू, सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० मिलिग्रॅम लोह असते. त्याच्या प्रथिनांत लायसीन भरपूर, परंतु मेथिओनीन कमी. तांदूळ, गहू, ज्वारी यांची स्थिती नेमकी उलटी. त्यामुळे उसळीसोबत भात किंवा भाकरी ही जोडी केवळ सवयीची नाही, तिला आहारशास्त्राचाही आधार आहे. कडधान्यातील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. वाढताना पिळलेले लिंबू त्यास मदत करते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा अडथळा आणतो.

इतके गुण असूनही पुष्कळ घरांत या कडधान्याविषयी एकच तक्रार ऐकू येते : ते शिजत नाही. ही तक्रार विशेषतः बदलीच्या नोकरीतील कुटुंबांची असते. एका गावी लोण्यासारखा मऊ होणारा राजमा दुसऱ्या गावी चार शिट्ट्या अधिक देऊनही टणकच राहतो आणि दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. कधीकधी तो खराही असतो. उष्ण व दमट हवेत वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेले दाणे कितीही शिजवले तरी नीट मऊ होत नाहीत. परंतु बहुतेक वेळा कारण पाण्यात दडलेले असते. दाण्याच्या पेशी परस्परांना धरून ठेवणारा पेक्टिन हा पदार्थ विरघळला, म्हणजे दाणा मऊ होतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम या पेक्टिनला अधिकच घट्ट बांधून टाकतात. यावर उपाय घरातलाच आहे. लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात राजमा रात्रभर भिजत घालावा. मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. मिठाने कडधान्य कडक होते ही समजूत जुनी आणि चिवट आहे, पण भिजवण्याच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडाही काम लवकर करतो. मात्र तो अधिक झाल्यास ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवीला साबणासारखी झाक येते.

दुसरे कारण उंचीचे. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. मुन्सियारीत पाणी साधारण ९२-९३ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. अशा ठिकाणी उघड्या पातेल्यात राजमा शिजवणे म्हणजे इंधनाचा अपव्यय. प्रेशर कुकर ही तेथील गरजच म्हणावी लागेल.

येथे एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. लाल राजम्यात ते सर्वाधिक, पांढऱ्यात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, तीव्र उलट्या व नंतर जुलाब सुरू होऊ शकतात. पूर्ण उकळीने हे प्रथिन निकामी होते, परंतु ८० अंशांच्या आसपास नुसते गरम केल्याने विषारीपणा घटण्याऐवजी वाढू शकतो, हा यातील सर्वांत फसवा भाग आहे. म्हणून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालून तासन् तास ठेवणे धोक्याचे. किमान पाच तास भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळून उकळावे. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या घरात जात असल्याने ही चिंता उरत नाही. भिजवलेले पाणी फेकल्याने पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्कराही काही अंशी निघून जातात. मोड आणून राजमा कच्चा खाण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. मटकीचा न्याय येथे लागू पडत नाही.

आता प्रत्यक्ष पाककृतीकडे. चार माणसांसाठी दीड वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम राजमा पुरेसा होतो. भिजलेला राजमा धुऊन दाण्यांच्या वर दोन बोटे पाणी राहील अशा बेताने कुकरमध्ये घ्यावा. फेस चढून शिट्टीचे तोंड बंद होऊ नये म्हणून चमचाभर तेल घालावे आणि कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे व वाफ आपोआप जिरू द्यावी. तेलावर मोहरी, हिंग, हळद व कढीपत्त्याची फोडणी करून बारीक चिरलेला कांदा परतावा, गोडा मसाला, लाल तिखट व शिजलेला राजमा घालावा, एक डावभर दाणे ठेचून रस दाट करावा आणि अगदी शेवटी मीठ, आमसूल व गुळाचा खडा घालावा. आंबट व गोड शेवटी घालण्याचा आपल्याकडील दंडक शास्त्रशुद्ध आहे. आम्लामुळे आणि साखरेमुळे पेक्टिन विरघळण्यास वेळ लागतो, तर गुळातील कॅल्शियम त्यात भर घालते.

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या पाककृतीत याच अडचणीचा हुशारीने उपयोग केलेला दिसतो. तेथे लहान पांढरे दाणे काकवीसारख्या मोलॅसिसमध्ये कित्येक तास मंद भाजतात आणि तरीही ते फुटून लगदा होत नाही, कारण मोलॅसिस त्यांना सावरून धरते. अर्थात दाणे आधी उकळून घेतलेले असतात.

कुमाऊँमध्ये डाळी-कडधान्यांना जंबू या हिमालयातील कांदावर्गीय वनस्पतीच्या वाळलेल्या पात्याची तुपातील फोडणी देतात. पांढऱ्या राजम्याच्या सौम्य चवीला ती फार शोभते. गोव्यात पोर्तुगीजांच्या वारशातून आलेला फेजोआदा हा पदार्थ राजमा आणि चोरिस यांच्या संयोगातून होतो. शाकाहारी मंडळींना त्यातील मसाल्याचा अंदाज घेऊन तो बटाट्यावर करता येईल, पण तो फेजोआदा नव्हे, हे मान्य करूनच.

या कडधान्याचा सर्वांत लाड करतात ते इटलीच्या टस्कनी प्रांतातील लोक. ‘घेवडेखाऊ’ अशी त्यांची थट्टाच इतर इटालियन करतात. कानेल्लिनी नावाचा लांबट पांढरा राजमा ते लसूण व सेज या सुगंधी पानांसह मंद शिजवतात आणि वरून कच्चे ऑलिव्ह तेल सोडून पावासोबत खातात. टोमॅटो घालून केलेल्या प्रकाराला ‘फाजोली आल उच्चेल्लेत्तो’ म्हणतात. आपल्याकडे सेज सहसा मिळत नाही. दोन-चार ओव्याची पाने घातल्यास चव वेगळी, पण रुचकर लागते. उरलेल्या राजम्याच्या सुपात शिळा पाव व पालेभाजी घालून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. त्याचे नाव ‘रिबोलिता’, म्हणजे पुन्हा उकळलेले. आपल्या फोडणीच्या पोळीचे हे दूरचे नातलगच. शिळ्या भाकरीचे तुकडे उसळीच्या पातळ रसात घालून, वर लसणीची फोडणी व लिंबू देऊन हा पदार्थ मराठी घरातही सहज होतो. रस शिल्लक राहावा यासाठी राजमा शिजवलेले पाणी मात्र आदल्या दिवशी ओतून देऊ नये.